टेकलेला पाय

बॉक्सिंगमधला हूक शिकायला आलेला मुलगा स्वतःच्या दंडाकडे बघत असतो, मी त्याच्या डाव्या टाचेकडे. बॅगेचा आवाज कितीही मोठा येवो, टाच जागची हलली नसेल तर तो ठोसा नुसत्या खांद्याचा. असे ठोसे मारणाऱ्याचा खांदा दोन राउंडांत भरून येतो आणि गार्ड खाली येतो.

जॅब, क्रॉस हे सरळ ठोसे लांबून मारता येतात. हूकचा हात कोपरात वाकलेला, त्यामुळे त्याची पोच कमी. जवळ गेल्याशिवाय तो लागत नाही, आणि जवळ गेलं की समोरच्याचेही ठोसे आपल्यापर्यंत पोचतात. म्हणून पायांवर दोन कामं येतात: आपल्याला आत नेणं आणि जमीन रेटून कंबर फिरवणं. एकच पाय ही दोन्ही कामं एका क्षणी करू शकत नाही. हवेतला पाय कशाला रेटणार?

बॉक्सर जॅक डेम्प्सीने 1950 च्या आपल्या पुस्तकात सरळ ठोशासाठी ‘पडतं पाऊल’ सांगितलं: पुढचा पाय उचलायचा, वजन पुढे पडू द्यायचं आणि त्या पडण्याचाच ठोसा करायचा. हूकसाठी मात्र त्याचा भर खांद्यांच्या फिरण्यावर आहे. फिरायला टेकू लागतो. म्हणून माझ्याकडे क्रम ठरलेला आहे. डावा पाय वीतभर आत, किंचित बाहेरच्या अंगाला. चवडा टेकतो, गुडघा वाकतो, वजन डाव्या मांडीत बसतं. मूठ अजून गालाशीच. मग चवड्यावर पाय आत वळतो, टाच बाहेर जाते, खुबा फिरतो, त्यामागे खांदा, आणि सगळ्यांत शेवटी कोपर उचलून मूठ. ठोसा लागतो तोवर वजन उजव्या पायाकडे निघालेलं असतं. मुलांना मी तोंडाने म्हणायला लावतो: टेक, पीळ. टेक, पीळ.

ठाण्यातल्या माजिवड्याच्या गावठाणातून येणाऱ्या काही मुलांच्या अंगात कबड्डी असते. कंबर खाली, पाय चवड्यावर, नजर समोर. निम्मं शिक्षण घरूनच झालेलं. पण चढाई करणाऱ्याला सतत मध्यरेषेकडे परतायचं असतं, त्यामुळे त्याचं वजन मागे राहतं. हूकसाठी त्याला पुढच्या मांडीत, समोरच्याच्या टप्प्यात, क्षणभर बसायला शिकवावं लागतं. घोडबंदर रोडच्या टॉवरमधून येणाऱ्या मुलांचं उलटं. वजनं उचलून मांड्या भक्कम, पण पाय रोवले की रोवले. टाच सुटतच नाही.

त्यात जमीनही आपलं म्हणणं मांडते. रिंगच्या कॅनव्हासवर सहज वळणारा पाय रबरी मॅटवर चिकटतो आणि खुब्यापर्यंत जायचा पीळ गुडघ्यात अडकतो. म्हणून मॅटवर आधी टाच हलकी करायची, मग वळायचं. जुलैत लाद्यांना ओल सुटते, तेव्हा पाऊल आणखी छोटं.

फिलिमोनोव आणि सहकाऱ्यांचा 1985 सालचा एक सोव्हिएत अभ्यास आहे, सरळ ठोशाचा. त्यात वरच्या दर्जाच्या बॉक्सरच्या ठोशात पायांचा वाटा सुमारे 38 टक्के निघाला, नवख्यांच्या ठोशात सुमारे 16.5. मुलीच्या हातात जोर कमी आहे, अशी काळजी घेऊन येणाऱ्या पालकांना मी हे आकडे सांगतो. पुण्याच्या देविका घोरपडेने 2022 मध्ये स्पेनमधल्या ला नुसिया इथे युवा जागतिक सुवर्ण जिंकलं, तेही 52 किलोच्या गटात, हेही सांगतो.

बॉक्सर जो फ्रेझरचा डावा हात लहानपणी दुखावला होता आणि पुढे तो पुरता सरळ होत नसे. म्हणजे हूकचा आकार त्याला आयताच मिळाला होता. पण 8 मार्च 1971 ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंधराव्या राउंडला मुहम्मद अली खाली पडला तो त्या आकाराने नव्हे. फ्रेझर गुडघ्यांत दबून आत शिरला होता आणि ठोसा तिथून वर आला.

8 डिसेंबर 2007 ची फ्लॉइड मेवेदर-रिकी हॅटन लढत याच्या उलट टोकाची. दहाव्या राउंडला हॅटन धावून आला. मेवेदर पुढच्या चवड्यावर वळला, मागचा पाय बाजूला गेला, हूक लागला आणि हॅटनचं डोकं कोपऱ्यातल्या गादीवर आदळलं. इथे आत नेण्याचं काम हॅटनच्याच पायांनी केलं होतं. मेवेदरच्या पायाकडे उरलं होतं फक्त वळणं.

म्हणून नव्या मुलांना मी सुरुवातीला हात कमरेवर ठेवून हूक मारायला लावतो. ती हसतात, कंटाळतात. मग ग्लोव्ह्ज चढतात आणि मी हूकनंतर लगेच उजवा क्रॉस मागतो. वजन उजव्या पायावर नीट पोचलं असेल तर क्रॉस आपसूक निघतो. तोल सावरायला आधी एक पाऊल टाकावं लागलं, तर हूक कितीही जोरात वाजलेला असो, तो परत मारायचा.