जोडून पाहणें

‘परीक्षा’ हा शब्द शाळेंत आपण इतका झिजविला आहे, कीं त्याचा मूळ अर्थ आपणांस आठवेनासा झाला आहे. परि म्हणजे सर्व बाजूंनीं आणि ईक्षा म्हणजे पाहणें. सर्व बाजूंनीं पाहणें ती परीक्षा. घासणें, कापणें, तापविणें आणि ठोकणें असे सोन्याच्या परीक्षेचे चार प्रकार आपल्या पूर्वजांनीं सांगितले, ते याच अर्थानें. एका प्रकारांत उतरलेलें सोनें दुसऱ्यांत उघडें पडूं शकतें, हें त्यांस ठाऊक होतें.

एटापल्ली तालुक्यांतील सूरजागडच्या डोंगराकडे पाहिलें म्हणजे मला या शब्दाची आठवण होते. येथील दगडांत उत्तम प्रतीचें लोखंड आहे, आणि माडिया लोक याच डोंगरास ठाकुरदेवाचें स्थान मानतात. १९८२ सालीं गडचिरोली जिल्हा वेगळा झाला; तोंपर्यंत हा सारा मुलूख चांदा, म्हणजे चंद्रपूर, जिल्ह्यांत मोडत असे.

त्या चांद्याच्या लोखंडाची कथा मोठी बोधप्रद आहे. १८८२ सालीं फॉन श्वार्ट्झ नांवाच्या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनांत आला. लोहाऱ्यास धातुपाषाण विपुल, आणि वरोऱ्यास कोळशाची खाण तयार! दुसरा एखादा असता, तर त्यानें भट्टीचा पाया खणावयास घेतला असता. जमशेटजींनीं कोळशाचे नमुने जर्मनीस धाडून तपासून घेतले, आणि वरोऱ्याचा कोळसा लोखंड गाळण्याच्या कामाचा नाहीं असें निष्पन्न झालें. धातुपाषाण खोटा नव्हता. कोळसाहि जळत होताच. दोहोंचा जोड मात्र जमत नव्हता. खाणींविषयींचे त्या वेळचे सरकारी नियमहि जाचक होते. तेव्हां तो बेत त्यांनीं बाजूस ठेवला. पुढें त्यांच्या पश्चात् १९०७ सालीं कंपनी निघाली, आणि १९१२ सालीं साक्चीस, म्हणजे आजच्या जमशेदपुरास, पोलाद तयार झालें.

संगणकाचें सॉफ्टवेअर लिहिणारे लोकहि हाच धडा शिकले, पण फार महागांत. ४ जून १९९६ रोजीं युरोपचा एरियान ५ हा अग्निबाण उड्डाणानंतर सुमारें चाळीस सेकंदांत नष्ट झाला. त्यांतील आज्ञावलीचा एक भाग जुन्या एरियान ४ मधून तसाच उचललेला होता. जुन्या बाणांत तो निर्वेध चालला. नव्याचा वेग अधिक, म्हणून एक आंकडा नेमून दिलेल्या जागेंत मावेना. नव्या बाणाच्या मार्गावर तो भाग आधीं चालवून पाहिलेला नव्हता.

हाच प्रकार मीं याच तालुक्यांत एका रास्त भावाच्या दुकानापुढें पाहिला. जन्मभर धानाची रोवणी करून आणि तेंदूचीं पानें तोडून जिचीं बोटें गुळगुळीत झालीं आहेत, अशी एक म्हातारी यंत्रावर आंगठा दाबीत होती, आणि यंत्र तिला ओळखीत नव्हतें. तिनें आंगठा पदरास पुसला, पुन्हां दाबला. असें पांच-सहा वेळां झालें. दुसऱ्या मार्गानें ओळख पटविण्याची सोय होती; पण ती मोबाइलवर येणाऱ्या आंकड्यावर अवलंबून, आणि तिच्यापाशीं मोबाइल नव्हता. अखेर रिकामी पिशवी घडी करून ती चालती झाली. मीं दुकानदारास विचारलें, तेव्हां तो म्हणाला, “गुरुजी, यंत्र चांगलें आहे, सकाळपासून इतक्या जणांचें झालें.”

यंत्र चांगलें असेल. म्हातारीचा आंगठाहि तिचाच होता. परंतु यंत्र कोणाच्या आंगठ्यावर तपासलें असेल? लेखणी धरणाऱ्याच्या आंगठ्यावरील रेषा शाबूत असतात; आणि ज्यास यंत्राची गरज सर्वांत अधिक, तोच तपासणीच्या वेळीं हजर नसतो. सूरजागडच्या खनिजाविषयींहि माझें हेंच मागणें आहे. दगडांत लोखंड शेंकडा किती, हें पाहणारा जितका दक्ष असतो, तितक्याच दक्षतेनें डोंगराखालच्या नाल्याचें पाणी आणि रस्त्याकडेच्या शेतांतील पीक पाहिलें जावें. एकच बाजू पाहिली, तर ती ईक्षा झाली, परीक्षा नव्हे.

आपल्या घरांतहि हा विचार उपयोगी पडण्यासारखा आहे. भारतीय मानक संस्था १९४७ सालीं स्थापन झाली. आतां तिचें काम भारतीय मानक ब्यूरो पाहतो. तिचें आयएसआय चिन्ह पाहून आपण कुकर घ्यावा, हें योग्यच. पण त्या कुकराचें झांकण संधिवातानें आंखडलेल्या आजींच्या हातांस उघडतें कीं नाहीं, हें चिन्ह सांगत नाहीं. औषधाच्या वेष्टनावरील बारीक अक्षर आजोबांस दिसतें कीं नाहीं, आणि गॅसचें बटन धाकट्या नातवाच्या हातीं सहज लागतें कीं काय, हेंहि घरच्यांनींच पाहिलें पाहिजे. म्हणून नवी वस्तु घरांत आली, कीं ती प्रथम घरांतील चतुर मुलाच्या हातीं न देतां ज्याचा हात कांपतो किंवा ज्यास कमी दिसतें, त्याच्या हातीं द्यावी, आणि आपण मुकाट्यानें शेजारीं बसून पाहावें. त्यास ती जमली, तर घरांत ती कोणासहि जमेल.