शंभर दाणे

बी.एड.ला असताना सच्चर समितीचा अहवाल माझ्यासाठी पेपरातल्या एका प्रश्नापुरता होता. तो नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेपुढे आला. देशाची साक्षरता ६५.१ टक्के, मुसलमानांची ५९.१, आकडे २००१ च्या जनगणनेचे. पाठ केले, लिहिले, विसरलो.

पुढे सोनाळ्यात माता-पालक सभेत तेच आकडे सांगू लागलो, तर बाया ओढणीआड जांभया देऊ लागल्या. टक्का म्हटला की त्यांना कर्जाचे व्याज आठवते.

पुढच्या सभेला तुरीचे दाणे घेऊन गेलो. सतरंजीवर शंभर मांडले. हे देशातले वीस वर्षांवरचे लोक. पदवी-पदविकावाले सात बाजूला काढले. शेजारी दुसरे शंभर, आपले. त्यांतून चारही पुरते निघेनात. मग सहा ते चौदा वयाची आपली शंभर लेकरे. कधी शाळेत गेलीच नाहीत किंवा मध्येच सुटली, असे पंचवीस दाणे वेगळे केले. जांभया थांबल्या होत्या. एक खाला वाकून म्हणाल्या, "सर, इसमें मेरी बेटी का दाना कौनसा?" त्यांची मुलगी आठवीनंतर घरी बसली होती. मला उत्तर सुचले नाही.

दाण्यांचे तक्ते करून भिंतीवर लावायचे ठरवले, तर जुम्म्याच्या नमाजनंतर एका बुजुर्गांनी अडवले. "अपनी इज्जत दीवार पे टांगते क्या मास्टर?"

बोलणे लागले. ते अगदीच चूक होते असे आजही म्हणवत नाही. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात ड्यू बॉइज या कृष्णवर्णीय प्राध्यापकाने अटलांटा विद्यापीठातल्या आपल्या विद्यार्थ्यांसह हाताने रंगवलेले तक्ते मांडले होते. जॉर्जियातल्या कृष्णवर्णीयांची जमीन, शिक्षण, साक्षरता, सगळे रंगांत. त्यांनाही हे कुणी विचारले असेलच. पण त्या तक्त्यांत नुसती दैना नव्हती, कमावलेलेही होते.

मी आणखी एक तक्ता केला. त्याच अहवालातला: शाळेच्या वयाच्या शंभर मुसलमान मुलांपैकी मदरशात जाणारी फक्त तीन. 'तुमची सगळी पोरं मदरशातच' हे ऐकून आमचे कान किटले आहेत. बुजुर्ग खूश झाले. "ये बडा करके लगाओ." मी म्हणालो, लावतो, पण पंचवीसवालाही शेजारीच राहील. ते काही बोलले नाहीत.

दोन्ही तक्ते सातवीच्या मुलींनी रंगवले. परवा त्या खाला आल्या, पंचवीस दाण्यांपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. जाताना हळूच विचारले, सतरा नंबरचा फॉर्म कुठे मिळतो. घरी विचारलेय का, म्हटले, तर ओढणी सारखी करत निघून गेल्या.