बेगडेवाडी ते बीकेसी, व्हाया नोकिया

मागच्या रविवारी आईने फर्मान काढलं, "माळ्यावरचा पसारा आज काढ, नाहीतर सगळा भंगारवाल्याला देते." पसाऱ्यात एक काळा टीशर्ट सापडला. काळा कसला, आता करडाच. छातीवर ममीच्या अवतारातला एडी, त्याचा अर्धा चेहरा धुऊन धुऊन गेलेला. मधे एकदा आईने हा टीशर्ट फरशी पुसायला घेतला होता आणि मी तो अक्षरशः बादलीतून परत काढला होता. तर आज या टीशर्टची गोष्ट.

बेगडेवाडी कुठे, हे पुण्यातल्या मित्रांनाही सांगावं लागतं. लोणावळा लोकलने देहूरोड गेलं की पुढचं स्टेशन. मग घोरावाडी, मग तळेगाव. लांबच्या गाड्या इथे थांबत नाहीत, धडधडत निघून जातात. त्यामुळे मोठ्या आवाजाची आम्हाला सवय आहे. लहानपणी घरात आवाज करणाऱ्या गोष्टी तीनच होत्या: रेल्वे, आजीचं भजनी मंडळ आणि दादाची खोली.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा तब्बल अठरा वर्षांनी मोठा. आमच्या घरातला पहिला इंजिनिअर. हिंजवडीत नोकरी, खोलीत असेम्बल केलेला पीसी आणि त्यावर दिवसरात्र आयर्न मेडन. काकांच्या मते तो "डबे आपटल्याचा" आवाज. आजीचं मत जरा बरं होतं: "काय म्हणतोय ते कळत न्हाई, पण जीव तोडून म्हणतोय बिचारा."

कॉलेजात असताना दादा मुंबईला इंडिपेंडन्स रॉक ऐकायला जायचा. १९८६ साली सुरू झालेला हा कार्यक्रम बरीच वर्षं धोबी तलावच्या रंगभवनात, उघड्या आभाळाखाली व्हायचा. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातले असले कार्यक्रम थांबले. पण बाहेरचे मोठे मेटल बँड आपल्याकडे कशाला येतील, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटायचं. मग १७ मार्च २००७ला मेडन बंगलोरच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेले. दादाला त्या आठवड्यात रजा मिळाली नाही. त्यानंतरचा महिनाभर तो घरात सुतक असल्यासारखा वावरत होता.

त्यामुळे १ फेब्रुवारी २००८ला ते मुंबईला येणार म्हटल्यावर त्याला थांबवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. बापाने, म्हणजे काकांनी, प्रयत्न मात्र केला. कारण दुसऱ्या दिवशी शनिवारी दुपारी चिंचवडला मुलगी बघण्याचा कार्यक्रम ठरला होता.

"गाणं ऐकायला मुंबईला जायचं? घरात रेडिओ नाही?"

"शनिवारी सकाळी परत येतो ना."

"आणि नाही आलास तर?"

दादाने उत्तर दिलं नाही. शुक्रवारी ऑफिसात आजारी असल्याचं कळवलं आणि लोकलने लोणावळा, तिथून मुंबईची गाडी, दादर, बांद्रा असं करत बीकेसीतलं एमएमआरडीए मैदान गाठलं.

मी तेव्हा चौथीत होतो. रात्री जेवणं चालू असताना काकांचा नोकिया वाजला. मी धावत जाऊन उचलला.

"बारक्या, ऐक!" एवढंच ओरडून दादाने फोन वर धरला असणार. कारण पुढची चार मिनिटं मला फक्त खर्रर्र... खर्रर्र... ऐकू आलं. मधे कुठेतरी खूप माणसं एकदम ओरडल्यासारखं. काकांनी फोन हिसकावून कानाला लावला, चेहरा वाकडा केला आणि म्हणाले, "लाईन खराब आहे. रोमिंगचे पैसे चाललेत." पण त्यांनीही फोन लगेच कट केला नाही. मिनिटभर कानाला धरून उभे राहिले.

आता इंजिनिअर झाल्यावर कळतं की लाईन ठणठणीत होती. साधा मोबाइल कॉल माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टा ठेवायचा, बाकी टाकून द्यायचं. बेसचा खालचा भाग तिथेच गळतो, झांजांची वरची झळाळी गळते आणि एवढ्या प्रचंड आवाजाला इवलासा माईक आधीच शरण गेलेला असतो. थोडक्यात, मी ऐकलं त्यात आयर्न मेडन जवळजवळ नव्हतेच. तरी मी मेटलकडे वळलो तो त्या खर्रर्रमुळेच. एवढ्या गर्दीत कुणाला तरी माझी आठवण झाली होती, आणि दहा वर्षांच्या पोराला एवढं पुरतं.

शनिवारी सकाळच्या लोकलने दादा आला. अंगावर हा टीशर्ट, केसांत बीकेसीची धूळ आणि आवाज पूर्ण बसलेला. पूर्ण म्हणजे पूर्ण, शब्द फुटेना. तसाच त्याला चिंचवडला नेला. तिथे तो दोन तास फक्त मान हलवत बसला. वहिनी अजून सांगते, "मला वाटलं, मुलगा किती लाजाळू आहे!" :)

आवाज परत आल्यावर पुढचे कित्येक दिवस तो मला ओट्यावर बसवून ती रात्र सांगायचा. त्या जगभरच्या दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम आपल्या मुंबईत होता. बँड, त्यांची माणसं आणि टनावारी सामान एकाच बोइंग ७५७मधून आलं होतं. विमानाच्या मागच्या भागातल्या खुर्च्या काढून तिथे सामान भरलेलं आणि विमान चालवायला खुद्द गायक ब्रूस डिकिन्सन! "म्हणजे आपल्या एसटीचा ड्रायव्हरच पुढे जाऊन कीर्तन करतो असं समज," दादा म्हणाला. आजीला हे फार आवडलं.

स्टीव्ह हॅरिसचा बेस त्याने मांडीवर बोटं आपटून शिकवला: एक लांब, दोन आखूड, टग-डग-डग, टग-डग-डग. घोडा दौडवल्यासारखा. तो म्हणायचा, "घरी हे कानाने ऐकतोस. मैदानात ते बरगड्यांत ऐकू येतं." आणि एक गंमत. मागे उभं राहिलं की ड्रमवर काठी पडताना आधी दिसते आणि आवाज नंतर येतो. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर, म्हणजे शंभर मीटर मागे असाल तर सेकंदाचा जवळपास तिसरा हिस्सा उशीर. त्याचं म्हणणं, हे कळल्यावर तो घुसत घुसत पुढे गेला, कारण त्याला तो उशीर नको होता. पुढच्या धक्काबुक्कीत तो एकदा खाली पडला, तर चार अनोळखी हातांनी त्याला क्षणात उचलून उभा केला. आजी म्हणाली, "वारीत पण असंच अस्तंय."

त्या दौऱ्यावर 'फ्लाइट ६६६' नावाचा माहितीपट २००९ला आला. त्यात 'एसेस हाय' हे गाणं मुंबईतलं आहे. दादाने डीव्हीडी आणली आणि गर्दीच्या प्रत्येक शॉटला पॉज करून स्वतःला शोधलं. शेवटी एका काळ्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाला, "हा मी." मी विश्वास ठेवला. अजूनही ठेवतो.

पुढचं तुम्हाला माहितीच आहे. तुमच्याकडेही असंच झालं असेल. लग्न, वाकडला फ्लॅट, हप्ते, मुलगी, मॅनेजरपद. दादा गाडीत एफएम लावायला लागला आणि टीशर्ट आमच्या माळ्यावर गेला. मीही इंजिनिअर झालो. कॅबमधे हेडफोन लावून तीच गाणी ऐकतो. आवाज एकदम स्वच्छ, एकही खर्रर्र नाही, आणि शेजारी कोण बसलंय याचाही पत्ता नाही.

फेब्रुवारी २०२५मधल्या एका मंगळवारी मी घरून काम करत होतो. दुपारी स्टेशनवर वडापाव आणायला गेलो, तर फलाटावरच्या बाकावर दादा. पाठीला लॅपटॉपची सॅक, आत लॅपटॉप नव्हता. तो परत घेतला होता. नोकरी जाऊन तीन आठवडे झाले होते आणि घरी माहीत नव्हतं. रोज वेळेवर डबा घेऊन निघायचा, कुठेतरी दिवस काढायचा, संध्याकाळी परत.

"वहिनीला सांगू नकोस एवढ्यात," तो म्हणाला. बस्स. मग आम्ही वडापाव खाल्ले. एक एक्सप्रेस समोरून धडधडत गेली. मला काय बोलावं सुचेना.

मला सुचलं ते एवढंच की दोन तिकिटं काढावीत. १७ मे २०२५, महालक्ष्मी रेसकोर्स, गन्स एन रोझेस. दादाने तिकीट बघून नाक मुरडलं. "हे मेटल नव्हे. हार्ड रॉक आहे." पंचेचाळिशीतला बेकार माणूस एवढा काटेकोर राहू शकतो, हे बघून मला खरं तर बरं वाटलं. आणि २०१२ला ते एमएमआरडीए मैदानावर आले तेव्हा त्यांच्यात स्लॅश नव्हता, या वेळी आहे, यावर शेवटी तो पाघळला.

मैदानात मी पहिल्यांदाच त्याच्या शेजारी उभा होतो. बेस सुरू झाला आणि बरगड्यांचं ते म्हणणं मला सतरा वर्षांनी पटलं. हेडफोनमधे हा भाग नसतोच. दादा आधी हाताची घडी घालून उभा होता. मग मान हलायला लागली. मग घडी सुटली. "हे मेटल नव्हे" म्हणणाऱ्याला एकूण एक शब्द पाठ होते!

ॲक्सल पियानोवर बसला तेव्हा दादाने खिशातून फोन काढला, मुलीला लावला आणि वर धरला. नेटवर्क गायब. एवढ्या गर्दीत टॉवर कसला टिकतोय. त्याने दोनदा, तीनदा लावून पाहिला. मग फोन खिशात टाकला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून ओरडला, "जाऊ दे! तू ऐक!"

परतताना एक्सप्रेसवेवर फूडमॉलला थांबलो. रात्रीचा एक वाजून गेला होता. दादा गाडीतून उतरला, लांब दिव्याच्या खांबाखाली जाऊन वहिनीशी फोनवर बोलत राहिला. मी गाडीतच बसलो. वीस मिनिटांनी आला.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"आधी विचारलं, आवाज बसलाय ना तुझा?"

त्याचा आवाज खरंच बसला होता. पुढचं त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. गहुंजेचं स्टेडियम मागे टाकून घरी पोचेपर्यंत आम्ही काहीही लावलं नाही.

आता तो एका लहान कंपनीत आहे. पगार कमी, पण एफएम बंद झालंय. मी आज २८चा, म्हणजे २००८ला तो होता तेवढाच. मी आजवर कुणासाठी फोन वर धरलाय का, हे आठवून पाहिलं. नाही आठवलं.

असो. टीशर्ट धुऊन गच्चीवर वाळत घातलाय. आईला बजावून ठेवलंय, हा फरशीसाठी नाही. वाकडला पाठवायचाय. पुतणी आता अकरा वर्षांची आहे आणि तिला सैल टीशर्ट आवडतात म्हणे.