तपासणीआधीची दोन वाक्यं

नागपुरातल्या माझ्या दवाखान्यात एक ताई पोटदुखीसाठी आल्या होत्या. मी काही न बोलताच पोटावर हात ठेवला. त्यांनी एकदम अंग चोरलं. नंतर म्हणाल्या, "डॉक्टर, आधी सांगितलं असतं तर घाबरले नसते." चूक माझीच होती.

तेव्हापासून कुठे आणि कशासाठी तपासणार ते मी आधी सांगतो, "चालेल ना?" असं विचारतो आणि सिस्टरला आतच थांबवतो. पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री सोबत असणं हा स्त्री रुग्णाचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही तो आहे.

तरीही काही गैर घडलं, तर गप्प बसू नका. ॲलोपॅथी डॉक्टरविरुद्ध मुंबईच्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते. कौन्सिल दोन्ही बाजू ऐकते. दोष सिद्ध झाला, तर डॉक्टरचं नाव नोंदवहीतून काही काळ किंवा कायमचं काढलं जाऊ शकतं. २००२ च्या नियमांत निर्णयासाठी सहा महिन्यांची मुदत दिली आहे. विनयभंग असेल तर पोलिसांकडेही जाता येतं.

"डॉक्टर, थांबा" असं म्हणायला मात्र कुठल्याच सुनावणीची वाट पाहायची नसते.