रेती कुठून येते?

आपल्याकडे घर बांधणे म्हणजे आयुष्यभराची कमाई ओतणे. कोकणातला मुसलमान पंधरा-वीस वर्षे आखातात राबतो तो कशासाठी? मुलींची लग्ने आणि गावात स्लॅबचे घर. मुंब्रा-कौशातला माणूस भाड्याचा फेरा चुकवायला बायकोचे दागिने मोडतो आणि वन रूम किचन घेतो. किती खोल्या, दरवाजा कुठल्या दिशेला, फरशी कुठली, यावर महिनोन् महिने बोलणे चालते. पण ज्या रेतीवर आणि खडीवर हे घर उभे राहते, तिच्याविषयी मोहल्ल्यात किंवा जमातीच्या बैठकीत कुणी बोलत नाही. पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय, अशी एक समजूत आहे. आम्हाला मात्र तो सर्वात आधी आपलाच विषय वाटतो.

आम्ही मुंब्र्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवतो. मूळ गाव महाड तालुक्यात, सावित्रीच्या खाडीकाठी. त्यामुळे रेतीची दोन्ही टोके आम्हाला पाहायला मिळाली. ती जिथून निघते तेही आणि जिथे जाते तेही.

आमच्या लहानपणी खाडीत हातपाटीने रेती निघायची. होडी नांगरायची, तळात बांबू रोवायचा. डुबी मारणारा त्या बांबूला धरून, श्वास कोंडून खाली जायचा आणि बादली भरायचा. वरचे गडी ती ओढून घ्यायचे. काम जिवावरचे, पण माणसाच्या छातीत जेवढा दम तेवढाच उपसा. पुढे सक्शन पंप आले. पंपाला दम लागत नाही. तळ खोल गेला तसे भरतीचे पाणी अधिक आत शिरू लागले. काठ ढासळले, खारीचे बांध फुटले, भाताच्या जमिनीत मीठ उतरले. ज्या विहिरीवर आमच्या दादी पाणी भरायच्या, तिचे पाणी आज तोंडात धरवत नाही. तिसऱ्या काढून चार पैसे मिळवणाऱ्या बायकांची खाजणे रिकामी झाली. या बायकांत आपल्याच दालदी घरांतल्या किती होत्या, ते खाडीकाठच्या वाचकांना सांगायला नको.

ही भूक केवढी मोठी आहे? गवंड्याचा जुना हिशेब घ्या: एक पाटी सिमेंट, दोन पाट्या रेती, चार पाट्या खडी. म्हणजे सातातल्या सहा पाट्या नदीच्या आणि डोंगराच्या. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2022 च्या अहवालात म्हटले आहे की जग दरवर्षी सुमारे 5000 कोटी टन रेती, वाळू आणि खडी वापरते. पाण्याखालोखाल माणूस सर्वात जास्त वापरतो ती हीच वस्तू. वाळवंटात एवढी वाळू असताना नद्या का खणता, असे कुणी विचारेल. पण वाळवंटातला कण वाऱ्याने घासून गोल गुळगुळीत झालेला असतो, काँक्रीटमध्ये तो नीट पकड घेत नाही. म्हणून आखाती देशही बांधकामासाठी बाहेरून रेती आणतात. आमच्या गावचे लोक वाळूच्या देशात कमवायला गेले आणि त्यांनी पाठवलेल्या पैशाची घरे गावच्या खाडीच्या रेतीतून उभी राहिली.

खडीची गोष्टही वेगळी नाही. मुंब्र्यामागे पारसिकचा डोंगर आहे. या रांगेत खाणींनी काय केले ते ठाणे-बेलापूरच्या बाजूने जाताना दिसते. सुरुंगाचे हादरे आणि क्रशरची धूळ कुणाच्या वाट्याला येते? पायथ्याच्या झोपड्यांच्या. दगड फोडणाऱ्यांची मुले तर शाळेच्या पटावरच नसतात. पुण्याजवळ वाघोलीला 'संतुलन' या संस्थेने खाणींवरच पाषाणशाळा सुरू केल्या. शिक्षक म्हणून आम्हाला त्या कामाबद्दल फार आदर वाटतो. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे गेली.

आमच्या सातवीच्या वर्गात एकदा आम्ही विचारले, "रेत कहाँ से आती है?" अर्धा वर्ग म्हणाला, "सर, ट्रक से." वर्ग हसला. मागच्या बाकावरचा एक मुलगा हसला नाही. त्याचे अब्बा साइटवर गवंडीकाम करतात. तो म्हणाला, "सर, रात को आती है." नदी, डोंगर, झीज, निक्षेपण हे सगळे पुस्तकात आहे. रेती रात्री येते हे मात्र पुस्तकात नाही. ते त्या मुलाला ठाऊक होते.

रात्री येणाऱ्या रेतीला पावती नसते. खाडीची रेती न धुता वापरली तर तिच्यातले मीठ सळईला गंज चढवते. गंजलेली सळई फुगते आणि स्लॅब आतून तडकतो. पण बेकायदा इमारतीत रेती धुतली की नाही हे तपासणार कोण? 1992-93 च्या दंगलीनंतर जीव मुठीत घेऊन आलेली माणसे मुंब्र्यात वसली. त्यांना तातडीने छप्पर हवे होते. त्या गरजेवर बिल्डरांनी मजले चढवले. 4 एप्रिल 2013 रोजी शिळफाट्याला एक बेकायदा इमारत कोसळून 74 माणसे गेली. ज्या मालाचा हिशेब कुणी ठेवत नाही, त्याची किंमत शेवटी आत राहणारा चुकवतो.

या प्रश्नावर लढणारे आपल्यात कुणी नाही, असे मात्र नाही. ज्या किहीमला सलीम अली सुगरणीची घरटी न्याहाळत बसायचे, त्याच किहीमच्या किनाऱ्यावर 2004 मध्ये बेकायदा रेती उपसा रोखायला गेलेल्या सुमैरा अब्दुलाली यांना मारहाण झाली. त्या मागे हटल्या नाहीत, कोर्टात गेल्या. 2010 मध्ये रायगड जिल्ह्यातच त्यांच्यावर पुन्हा हल्ला झाला. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या रेती उपशावर बंदी घातली. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. आमच्या शाळेतल्या मुलींना या बाईंचे नाव ठाऊक असायला हवे.

सरकारी धोरणे येतात आणि बदलतात. 2023 मध्ये डेपोतून 600 रुपये ब्रासने वाळू देण्याचे ठरले. 2025 मध्ये ते धोरण बदलले आणि घरकुलाच्या लाभार्थ्यांना पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याची तरतूद झाली. दगड दळून केलेल्या कृत्रिम वाळूलाही उत्तेजन मिळाले. कृत्रिम वाळूने नदी वाचते हे खरे, पण तिच्यासाठी डोंगर फोडावा लागतो. म्हणून मजबूत बांधणे, जुने दुरुस्त करून टिकवणे आणि पाडलेल्या इमारतीचा मलबा पुन्हा वापरात आणणे, हाच खरा मार्ग.

आणि एक काम तर आपल्या हातातलेच आहे. मशिदीच्या बांधकामाला हरामाचा पैसा लागू नये म्हणून आपण किती दक्ष असतो! देणगी कुणाची, कमाई कसली, हे विश्वस्त विचारून घेतात. मग त्याच बांधकामाला येणाऱ्या रेतीची पावती का मागू नये? वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नका, अशी शिकवण असलेल्या उम्मतीला ही गोष्ट अवघड नसावी. मशीद, मदरसा, शाळा, जमातखाना यांच्या कंत्राटात एक ओळ घालावी: रेती आणि खडी रॉयल्टीच्या पावतीसह, दिवसाउजेडी येईल. दर थोडा जास्त पडेल. तो चंद्यातून भरता येतो. खारट झालेली विहीर चंद्याने गोड होत नाही.