मुकी 'डी'

रविवार, लोधीपुरा, बऱ्हाणपूर.

जुन्या थिंकपॅड टी६० लॅपटॉपची 'डी' कळ मुकी झाली. इन्स्क्रिप्ट मांडणीत हलन्त त्याच कळेवर, शिफ्ट दाबून 'अ'ही तिथेच. एका कळेपायी जवळजवळ सगळी जोडाक्षरं गेली. 'बऱ्हाणपूर' लिहिणंही अडलं!

यंत्रमागांच्या या गावात कापसाची लव कुठेही शिरते, म्हणून आधी कळ उचलली. रबरी टोपीखालून लव निघाली खरी, पण 'डी' गप्पच. खाली प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे असतात, त्यांवर वाहक रेषा छापलेल्या. वरची खालचीला टेकली की अक्षर उमटतं. आजूबाजूच्या कळा चालतात, म्हणजे अख्खी ओळ तुटलेली नाही, या एका ठिपक्याचा संपर्क गेलाय. वाहक रंगाचा थेंब पुरला असता. पण पापुद्रे पक्के डकवलेले. ते सोडवून पुन्हा बसवायचे म्हणजे आहे तेही गमवायचं.

त्यापेक्षा कीबोर्डच बदललेला बरा. २००६च्या या यंत्राला २००८च्या टी४००चाही कीबोर्ड बसतो, ही जुन्या घडणीची मोठी मेहेरबानी. तळाचे खुणेचे स्क्रू काढायचे, कीबोर्ड उचलायचा, जोडणी सोडवायची. आजच्या कित्येक लॅपटॉपांत तो वरच्या कवचाला रिव्हेटांनी जखडलेला असतो. मला हा उद्दामपणाच वाटतो.

कळांवर देवनागरी छापलेली नसली तरी चालेल, बोटांना पाठ आहे. भंगारातल्या टी४००चा मागवतो.