खोटे, पण अस्सल

हिंदी सिनेमातला विनोद आणि आमचं मनमाड यांची पत्रिका एकच असावी. गाडी थांबते, मंडळी खाली उतरतात, चहा पितात, पाय मोकळे करतात आणि शिट्टी झाली की धावत आपापल्या डब्यात शिरतात. मनमाडला म्हणून कोणी येत नाही. शिर्डीचा भक्त इथं नुसती गाडी बदलतो. विनोदाचंही तेच. नायक-नायिकेचं भांडण झालं, समेटाला अजून चार रिळं आहेत, मग तोवर काय करायचं? तर विनोद! अशा जंक्शनवर शुभा खोटे या बाईंनी वर्षानुवर्षं बिऱ्हाड केलं, म्हणून मला त्यांच्याविषयी शेजारधर्माची आपुलकी आहे.

त्यात आडनाव खोटे. बँकेत हा शब्द कानावर पडला की कॅशियरचा हात आधी शिक्क्याकडे जातो. पण ही नोट उजेडात कशीही धरा, तार दिसतेच. जन्म १९३७ चा. वडील नंदू खोटे रंगभूमीवरचे नट, दुर्गा खोटे नात्यानं काकू. एवढं घराणं पाठीशी असताना या मुलीनं आधी नाव काढलं ते कशात? पोहण्यात आणि सायकलच्या शर्यतीत! सिनेमा आला तो नंतर, १९५५ साली, अमिय चक्रवर्तींच्या ‘सीमा’मधून. नायिका अर्थातच नूतन.

त्या काळी पडद्यावरच्या विनोदी बाईकडे थोडं भांडवल असावं लागे. टुणटुण समोर आल्या की त्यांनी तोंड उघडायच्या आधीच थिएटर हसायला लागे. शुभा खोटे पडल्या सडपातळ, दिसायला चांगल्या, वर खेळाडू. हसण्यासारखं अंगावर काहीच नाही. मी बी. कॉम. असल्यामुळे सांगतो, बिनभांडवली धंदा फार अवघड. त्यांनी तो नुसत्या बोलण्याच्या वेळेवर आणि चेहऱ्यावर चालवला. समोर मेहमूद, म्हणजे वादळच. तो नाचणार, वेष पालटणार, ‘लव्ह इन टोकियो’त (१९६६) तर चक्क जपानी गेशा होणार. वादळात पाय रोवून उभं राहायचं काम बाईंचं. मध्ये हटकून धुमाळ. ‘छोटी बहन’ (१९५९), ‘ससुराल’ (१९६१), ‘जिद्दी’ (१९६४) असं हे त्रिकूट रंगत गेलं. तिघांत दोघं मराठी, म्हणजे आपलं बहुमतच की!

आमच्या घरातलं सगळ्यांत विनोदी माणूस म्हणजे आमची आत्या. ओट्यापाशी उभी राहून ती अख्ख्या आळीची नक्कल करी. बायका पोट धरून हसत. बाहेर पुरुषांच्या चपला वाजल्या, की पदर तोंडाशी आणि हातात लाटणं. तिचं थिएटर कायम स्वयंपाकघराएवढंच राहिलं. एकदा दूरदर्शनवर ‘छोटी बहन’ लागला होता. आत्या दारात उभी राहूनच बघत होती. आईला म्हणाली, “वहिनी, ही हसवते हो, पण हिला कुणी हसत नाही.” आणि आत गेली. दूध उतू गेलं होतं.

बक्षिसांचा हिशेब मात्र असाच. १९६२ साली फिल्मफेअरच्या साहाय्यक अभिनेत्रीसाठी यांची दोन नामांकनं होती, ‘घराना’ आणि ‘ससुराल’. एकाच बाईच्या दोन पावत्या! बक्षीस गेलं ‘छाया’साठी निरूपा रॉय यांना. रडणाऱ्या आईपुढे हसवणाऱ्या मैत्रिणीचं काय चालणार? पुढे १९८१ च्या ‘एक दूजे के लिए’त या स्वतःच आई झाल्या आणि अशा कडक, की मुलीच्या प्रियकराचा फोटो जाळला तेव्हा लोक चिडले. वीसेक वर्षं हसवलेलं लोकांनी एका काडीत विसरावं, हीदेखील अभिनयाची पावतीच म्हणायची.

१९९३ मध्ये ‘जबान संभाल के’ आली. ‘माइंड युवर लँग्वेज’ या इंग्रजी मालिकेचा हिंदी अवतार. शुभाताई भाषाशाळेच्या प्रमुख, त्यांचा सख्खा भाऊ विजू खोटे वर्गातला मराठी विद्यार्थी, आणि मुलगी भावना बलसावरही त्याच मालिकेत. घरच्या घरी शाळा! भावाला दटावायचा हक्क बाईंना जन्मजात होता, तो आता पगारी झाला.

हे विजू खोटे म्हणजे ‘शोले’तले (१९७५) कालिया. २०१९ मध्ये ते गेले, तेव्हा काउंटरवर एक पेन्शनर आजोबा पासबुक पुढे करत म्हणाले, “कालिया गेला म्हणे. त्याला एक बहीणपण होती ना सिनेमात?”

म्हटलं, “आजोबा, उलटं आहे. कालिया शुभा खोटेंचा धाकटा भाऊ. ‘शोले’च्या वीस वर्षं आधीपासून बाई सिनेमात आहेत.”

“असं होय? कोणकोणत्या?”

मी ‘सीमा’पासून सुरुवात केली. ‘ससुराल’पर्यंत आलो तेव्हा रांग दाराबाहेर गेली होती आणि मॅनेजरसाहेब काचेआडून उठून उभे राहिले होते. आजोबांनी पासबुक खिशात घातलं आणि म्हणाले, “पुढचे उद्या सांगा. मी अकराला येतो.”